कडू पाण्याची बादली

मीठ मामांनी बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं. नुसतं बिघडवलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण नंतर मी मामांकडे बोट दाखवलं, आणि ते बोट खाली घ्यायला मला नऊ वर्षं लागली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मामांच्या गमती सांगताना मला कुठे हसू आलं, तर या माणसाला हसायचा फारसा हक्क नाही हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

रिसोडच्या बाजूला एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. मामा तिथे शिपाई होते. कायम नोकरीतले नव्हेत, संस्थेने वर्षावर्षाच्या करारावर ठेवलेले. दर जूनमध्ये त्यांची नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये पुन्हा सुरू व्हायची. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो.

शाळेत येण्याआधी मामांनी बारा हंगाम मिठागरात काढले होते. आमच्या भागातली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, वीटभट्टीवर जातात. मामांची टोळी मात्र पार रायगडच्या किनाऱ्याला जायची. खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यातून फिरवत उन्हावर तापवायचं आणि मीठ पिकवायचं. मृगाच्या तोंडावर परत यायचं. बारा वर्षं. मग मामींनी हट्ट धरला आणि ते शाळेत चिकटले. पण माणूस शाळेत आला तरी त्याचा अर्धा जीव तिकडेच राहिला होता.

म्हणजे कसं, तर मामा रोज भरतीची वेळ सांगायचे. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर. शाळेतल्या निम्म्या पोरांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. पण मधल्या सुट्टीची घंटा देऊन झाली की मामा पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे आणि कुणालाही उद्देशून नाही असं म्हणायचे, "लागली भरती तिकडे," नाहीतर "लागली ओहटी." एखाद्या दिवशी म्हणायचे, "आज भांग हाये. पाणी चढनार नाही." आणि त्या लहान भरतीच्या दिवशी खरोखर उदास असायचे. स्टाफरूममध्ये यावर रोज थट्टा व्हायची. आमचे इंग्रजीचे सर विचारायचे, "मामा, समुद्राची आज हजेरी लागली का?" मामा शांतपणे म्हणायचे, "त्याची कधी गैरहजेरी नसते सर. तुमची असते."

एकदा मी हिशेब विचारला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. पौर्णिमेला, अमावास्येला बाराच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. मी मोबाइलवर तपासून पाहिलं. अर्ध्या तासाचा फरक निघाला. मी एम.एस्सी. झालेला माणूस. मला चंद्राचं गुरुत्वाकर्षण फळ्यावर काढता येत होतं, पण आज भरती कधी हे सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मला कौतुक वाटलं नाही. खरं सांगतो, थोडा राग आला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी कधी झाडू हातात धरला नाही. मिठागरात मीठ ओढायला लांब दांड्याची लाकडी फळी असते, तशी एक त्यांनी सुताराकडून करून घेतली होती. तिने ते शाळेचं मैदान ओढायचे. पालापाचोळा, कागद, सगळं सरळ रेषेत मागे येत यायचं आणि मैदानावर वाफे आखल्यासारख्या ओळी उठायच्या. त्या ओळींवरून कुणी आडवं गेलं की ओरडायचे.

आणि पावसाशी त्यांचं जुनं वैर. जूनमध्ये सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असायचं, बियाणं घरात येऊन पडलेलं असायचं, आणि मामा पारावर येऊन म्हणायचे, "अजून आठ दिस नाही आला त बरं." मिठागरात एक सर पडली की महिनाभराची मेहनत विरघळते, हे त्यांच्या हाडात बसलेलं. एका वर्षी पेरण्या खोळंबल्या होत्या तेव्हा असं बोलले आणि लोक अंगावर धावून आले. मामींनी मधे पडून सोडवलं. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे नका पाहू भाऊ, तो अजून तिकडूनच नाही आला."

पाकिटातल्या मिठाला ते मीठ म्हणत नसत. पीठ म्हणत. पण या माणसाच्या हातात मीठ होतं, हे गावाने मानलं होतं. भंडारा असो, लग्न असो, शंभर-दीडशे किलोच्या भाजीच्या कढईत मीठ मामांनीच टाकायचं. ते चव घेत नसत. कढईभोवती एक फेरी मारायची, उकळीकडे बघायचं, आणि मुठीने मीठ सोडायचं. मी वीस जेवणं तरी जेवलो असेन. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आचारी दुसऱ्या गावचा असला तरी तो मिठाची परात बाजूला ठेवून मामांची वाट पाहायचा. शिपायाला गावात एवढाच मान होता. एवढाच, पण पक्का होता.

मी तो घालवला. कसा, ते सांगतो.

नववीच्या पुस्तकात समुद्राच्या पाण्यापासून मीठ मिळवण्याचा मजकूर होता. मी तो नेहमीप्रमाणे शिकवत होतो. उन्हाने पाण्याचं बाष्पीभवन होतं, मीठ खाली उरतं. दाराबाहेर मामा पाण्याचा माठ भरत होते. तास संपल्यावर ते आत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, असं नसते. सगळं पानी आटवलं त खाता येत नाही ते."

मी हसलो. म्हणालो, "मामा, पुस्तकात आहे."

"पुस्तकात असन. पहिल्या वाफ्यात चुना बसते. तिथून पानी काढून दुसरीकडं न्या लागते. मंग मीठ धरते. आन शेवटी जे पानी उरते ते तेलकट लागते बोटाले. ते कडू असते. ते सोडून द्या लागते. ते आटवाचं नाही."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून दाखवली, जणू ते पाणी आत्ताही बोटांना लागलेलं होतं. मला त्यातलं अर्धं पटलं आणि अर्धं पटलं नाही. पण त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, दिवाळीच्या सुट्टीत ते सांगून गेले की नववीच्या पोरींना मीठ करून दाखवतोच.

आले ते वीस-वीस लिटरचे सात कॅन घेऊन. खाडीचं पाणी. तीन एसटी बदलून. शेवटच्या गाडीत कंडक्टरने अडवलं, डिझेल आहे म्हणून. मामा म्हणाले, समुद्र हाये. कंडक्टरने झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला आणि लगेजचं तिकीट फाडून दिलं. हा किस्सा मामा स्वतः सांगायचे आणि प्रत्येक वेळी कंडक्टरचं तोंड करून दाखवायचे.

शाळेच्या मागे ऊन लागतं तिथे त्यांनी तीन लहान वाफे केले. आमची काळी माती भेगाळते, म्हणून तळ्यातली चिकण माती आणली. ती पायाने तुडवायची. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर, आठ दिवस. मी म्हटलं, धुमसाने ठोकून घेऊ, लवकर होईल. ते म्हणाले, "धुमस आवाज करते सर, पाय माती आयकते." नववीच्या पोरी चपला काढून त्यांच्या मागे एका ओळीत तुडवायला लागल्या. तळ असा झाला की हात फिरवला तर पाटीसारखा गुळगुळीत.

मग महिनाभर मामा आणि ऊन. पहिल्या वाफ्यात खरंच पांढरी चुन्यासारखी राप बसली. मग पाणी पुढे गेलं. तिसऱ्या वाफ्यात एक दिवस दुपारी पाण्यावर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा आला. मामांनी शाळा चालू असताना मला वर्गातून बोलावून नेलं आणि नुसतं दाखवलं. तो पापुद्रा फुटून खाली बसला आणि त्याचे चौकोनी दाणे झाले. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं सुंदर काही शाळेत पाहिलेलं नाही.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हाच प्रकल्प न्यायचा ठरला. मार्गदर्शक म्हणून नाव माझं. मामांचं कुठेच नाही. शिपायाचं नाव लिहायला अर्जात रकानाच नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. रकाना नव्हता हे खरं. पण मी मागितलाही नव्हता.

शुक्रवारी मामांनी मीठ ओढलं, निथळत ठेवलं, आणि उरलेलं पाणी बादलीत काढून प्रयोगशाळेच्या मागे ठेवलं. म्हणाले, सोमवारी दूर नेऊन ओततो, निंबाच्या बुडाशी नको, झाड जळते.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी मीठ तोललं. भरलं तीन किलोच्या आसपास. आणि माझ्या तक्त्यावर, माझ्या सुवाच्य अक्षरात, लिहिलेलं होतं की एक लिटर समुद्राच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं. एकशे चाळीस लिटरचे होतात चार किलो नऊशे. परीक्षक गुणाकार करणार, विचारणार, बाकीचं कुठे गेलं? मला उत्तर ठाऊक नव्हतं. उत्तर ठाऊक असलेला माणूस पाच मिनिटांच्या अंतरावर घरी जेवत होता. मी त्याला विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तक्ता चूक हाये.

मी बादली उचलली. प्रयोगशाळेच्या शेगडीवर पातेलं ठेवलं आणि ते कडू पाणी आटवलं. संध्याकाळपर्यंत आटवत होतो. खाली पांढरा लगदा उरला, तो खरवडला, वाळवला आणि मामांच्या मिठात मिसळला. वजन वाढलं. पस्तीसच्या जवळ आलं. उरलेली तूट जमिनीत मुरली असं मी तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आणि समाधानाने घरी गेलो.

आज विचार करतो तेव्हा माझं अज्ञान मला तितकं छळत नाही. समुद्राच्या पाण्यातले सगळेच क्षार म्हणजे खायचं मीठ नव्हे, हे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो आणि विसरलो होतो. माणूस विसरतो. पण एका माणसाने महिनाभर उन्हात उभं राहून जे काढलं, त्याच्यापेक्षा मला तक्त्यावरचा आकडा खरा वाटला. हा आकडा कुठून आला? पुस्तकातून. पुस्तकात कुठून आला? तिथे कुणाच्या तरी पायांनी माती तुडवली असेल, कुणाच्या तरी बोटांना ते पाणी तेलकट लागलं असेल. त्या माणसांचं नाव पुस्तकात नाही. आणि ज्यांनी वाफा डोळ्यांनी पाहिला नाही असे आम्ही त्यांना समजावून सांगतो, मामा, पुस्तकात आहे.

प्रदर्शन मंगळवारी होतं. सामान मांडायला मामा बरोबर. मिठाचं फडकं सोडलं तर मिठाला पाणी सुटलेलं. गोळा झाला होता. मामांनी चिमूट जिभेवर ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता सरळ करत होतो.

परीक्षक आले. एका कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी गोळा फोडला, दाणा तोंडात टाकला आणि रुमालात थुंकले. म्हणाले, "हे काय? खत मिसळलंय की काय?" आजूबाजूचे हसले. सांगायला हवं की त्या रसायनशास्त्राच्या माणसालाही ते काय आहे ते कळलं नाही, आणि म्हणून कुणी त्यांची नोकरी घेतली नाही.

मी म्हणालो, "सर, मीठ आमच्या शिपायाने केलंय. त्याने काय टाकलं मला कल्पना नाही."

रोज मामा, तुम्ही, म्हणणारा मी त्या क्षणी 'त्याने' म्हणालो. मामा माझ्यामागे दोन हातांवर उभे होते.

ते पुढे आले. आवाज न चढवता परीक्षकांना म्हणाले, "साहेब, हे माहं मीठ नाही."

पुन्हा हसले लोक. परीक्षक म्हणाले, बरोबर आहे, आता कोण म्हणेल माझं म्हणून. आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

तिथेच संपलं असतं. पण आमच्या संस्थेच्या सचिवांना शिपायाची जागा त्यांच्या साडूच्या मुलासाठी बरेच दिवस हवी होती. शाळेच्या खिचडीत मीठ घालणाराही हाच माणूस, हे त्यांनी बरोबर हेरलं. मिठात खत घालणाऱ्याच्या हातची खिचडी पोरं खातात, ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. मला बोलावून त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की सदर शिपायाने प्रकल्पाच्या मिठात अज्ञात रासायनिक पदार्थ मिसळला, व याची मला पूर्वकल्पना नव्हती. सचिव म्हणाले, "सर, तुमच्यावर येऊ नये म्हणूनच हो. तुम्ही आपले माणूस."

मी सही केली. चहा घेतला. बिस्किटं होती, ती पण खाल्ली.

पालकसभेत तो कागद माइकवरून वाचला गेला. मी खुर्चीवर बसलो होतो. मामा फाटकाशी उभे होते, अजून शाळेचा खाकी शर्ट अंगात. वाचून झाल्यावर त्यांनी शाळेच्या किल्ल्या ऑफिसच्या खिडकीत ठेवल्या आणि फळी खांद्यावर टाकून गेले. फळी त्यांच्या पदरची होती. महिन्याच्या आत साडूचा मुलगा आला. आमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. इंग्रजीच्या सरांनीही नाही, ज्यांना मामांशिवाय स्टाफरूममध्ये करमत नसे. मला त्या सगळ्यांचा राग येतो, आणि राग येण्याची लायकी माझ्यात नाही हे कळून आणखी येतो.

मामा रिसोडच्या रस्त्यावर एका बागायतदाराच्या मळ्यात भाजीपाल्याला लागले. पुढे थोडी जमीन बटईने करून वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं बाजारात आणायला लागले. मी बाजारात त्या ओळीला जायचं टाळायचो. नऊ वर्षं मी दुसऱ्या टोकाकडून भाजी घेतली. माणूस किती बारीक गोष्टींत भित्रा असू शकतो, पाहा.

गेल्या डिसेंबरमध्ये त्या टोकाची ओळ उठून गेलेली होती आणि मला मेथी हवी होती. मी मामांच्या दुकानापासून चार पावलांवर होतो. माझ्या पुढचा एक जण, आमच्याच शाळेत शिकलेला, जुडी उचलून म्हणाला, "मामा, याच्यात त नाही ना टाकलं काही?" शेजारचे हसले. आणि मामाही हसले. अगदी सरावाने, दात दाखवून. "नाही रे बाप्पा, घेऊन जाय," म्हणाले. हा विनोद त्यांनी नऊ वर्षं दर बाजाराला ऐकला होता आणि त्यावर कसं हसायचं हे ते शिकले होते. मेथी विकायची तर हसावं लागतं.

मी मेथी न घेता परत फिरलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो.

मामा ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होते. मामींनी पाट दिला, पाणी दिलं आणि आत न जाता तिथेच बसल्या. मी सगळं सांगितलं. बादली, शेगडी, पातेलं, तोलणं. वाटलं होतं की मामा दचकतील, चिडतील. ते जुडी बांधत राहिले.

"मालूम हाये न," ते म्हणाले. "सोमवारी बादली रिकामी होती. आन पातेल्याले पांढरं धरलं होतं. ते पातेलं कोनं घासलं सर? म्याच घासलं."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही?

"बोललो न. हे माहं मीठ नाही, म्हनलो. तुमी आयकलं, बाकीचे हासले."

मग मी माफी मागितली. मला वाटतं मी रडलोही. मामी म्हणाल्या, "सर, याले भंडाऱ्यात मीठ टाकाले बोलावनं बंद झालं, ते सोडा. मी लग्नात वाढाले उभी राह्यली का बाया म्हनतात, तुमी बसा मामी. माह्या हातचं वरन नको त्यायले. माह्या पुतनीच्या लग्नात बसून राह्यली मी. पाहुनी असल्यावानी." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. राग होता, नऊ वर्षं झाकून ठेवलेला, आणि तो मी ऐकावा अशीच त्यांची इच्छा होती.

मामांनी शेवटची जुडी बांधून टोपल्यात ठेवली. "मले काहून सांगता सर? मले त त्याच दिवशी मालूम होतं. ज्याले मालूम नाही त्याले सांगा."

मी म्हटलं, सांगतो. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पालकसभा असते. तुम्ही या.

"मी नाही येत. मी आलो त लोक माह्याकडं पाहतीन. त्यायनं तुमच्याकडं पाह्यलं पाह्यजे."

मुख्याध्यापकांना मी आदल्या दिवशी कल्पना दिली. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, तुमच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली, सचिव अजून तेच आहेत, कशाला जुनं उकरता, मामांच्या घरी जाऊन आलात ना, झालं तर. पूर्वी मला हे शहाणपण वाटलं असतं. आता त्याची चीड येते. माणसाला चारचौघांत बुडवायचं आणि माफी मात्र दार लावून मागायची, ही रीत आम्ही सुशिक्षितांनी कुठून काढली?

सभेत शे-दीडशे माणसं होती. सचिव व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून माइक आपोआप हातात आला. मागे फाटकाजवळ मामी उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या. मामा नव्हते.

मी सुरुवात केली तसं सचिवांनी खालून माझा सदरा ओढला. मग उभे राहून म्हणाले की सरांची तब्येत बरी दिसत नाही, हा विषय आजचा नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "बोलू द्या न त्याले." सचिव बसले. मी तयारी करून एक कागद आणला होता, तो खिशातच राहू दिला. जे बोललो ते जवळजवळ जसंच्या तसं लिहितो.

"नऊ वर्षांपूर्वी इथेच, याच माइकवरून, एक कागद वाचला गेला. त्याच्यावर माझी सही होती. त्यात लिहिलेलं खोटं होतं. मामांनी मिठात काहीही टाकलं नव्हतं. त्यांनी काढलेलं मीठ चांगलं होतं. जे कडू पाणी त्यांनी फेकायला ठेवलं होतं ते मी आटवून त्यांच्या मिठात मिसळलं, वजन वाढावं म्हणून. खत नव्हतं, विष नव्हतं, माझा मूर्खपणा होता. आणि विचारल्यावर मी त्यांचं नाव सांगितलं. त्यांना खरं माहीत होतं. त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही. तुम्ही त्यांच्यावर आणि मामींवर नऊ वर्षं जे हसलात, ते माझ्यामुळे हसलात. आता हसायचं असेल तर मी इथे उभा आहे. मामा, मामी, मी तुमचं नाव घालवलं. मी तुमची माफी मागतो."